प्राध्यापक लुईस आणि दादांचा प्रश्न

१९७९ सालचे नोबेल पारितोषिक म्हटले की आपल्या घराघरांतून एकच नाव निघते, आणि ते स्वाभाविकच आहे. त्या वर्षी १० डिसेंबर रोजी ओस्लो येथे मदर तेरेसांनी शांततेचे पारितोषिक स्वीकारले. त्या आनंदाप्रीत्यर्थ आमच्या वसईतील धर्मग्रामात नाताळच्या आधी एक सभा भरली. मदरच्या कार्याविषयी फादर बोलणार होते. आम्ही त्या वेळी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होतो. तेव्हा त्याच दिवशी स्टॉकहोममध्ये ज्यांचा गौरव झाला त्या अर्थशास्त्रज्ञांची ओळख पंधरा मिनिटांत करून देण्याचे काम आमच्याकडे आले.

त्या वर्षी अर्थशास्त्राचे पारितोषिक दोघांत विभागून दिले होते. एक अमेरिकेचे थिओडोर शुल्ट्झ आणि दुसरे सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर जन्मलेले सर आर्थर लुईस. दोघांनीही आपली विद्वत्ता गरीब, विकसनशील देशांच्या प्रश्नांसाठी वेचली होती. आम्ही फळा मागवला, हातात खडू घेतला आणि लुईस यांचा प्रसिद्ध सिद्धांत सोपा करून सांगू लागलो. "समजा, एका वाडीत पाच भाऊ राबतात. त्यांतला एक उठून गिरणीत कामाला गेला, तरी वाडीचे उत्पन्न पूर्वीइतकेच राहते. म्हणजे त्या पाचव्या भावाची उत्पादनातील भर किती?" असे विचारून आम्ही फळ्यावर एक मोठे शून्य काढले. सभागृहात हशा पिकला. आमचे आम्हालाच व्याख्यान फार रंगल्यासारखे वाटले.

शेवटच्या बाकावर आमचे थोरले बंधू, दादा, बसले होते. रात्री वाडीच्या वाटेने घरी परतताना बराच वेळ ते काही बोलले नाहीत. बावखलाजवळ आल्यावर त्यांनी विचारले, "आपण दोघे भाऊ. तू कॉलेजात गेलास, मी वाडीत राहिलो. ते फळ्यावरचे शून्य तुझे की माझे?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. पण त्या रात्री झोप लागली नाही.

आमचे वडील १९५७ साली वारले तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो आणि दादा सतरा वर्षांचे. दादांनी शाळा सोडली, रहाट आणि केळीची बाग सांभाळली, पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या मुंबईला नेल्या. त्या पैशातून आमची फी भरली गेली. ज्याच्या कष्टावर आम्ही अर्थशास्त्र शिकलो, त्याच माणसाला आम्ही त्याच अर्थशास्त्राच्या आधाराने भरसभेत शून्य ठरवले होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही लुईस पुन्हा वाचायला घेतले. आजवर परीक्षेपुरते वाचले होते, आता दादांसाठी वाचू लागलो. वाचता वाचता सिद्धांतामागचा माणूस दिसू लागला.

सेंट लुशिया हे बेट ६१६ चौरस किलोमीटरचे, म्हणजे जवळजवळ आपल्या बृहन्मुंबईएवढे. तिथे एके काळी उसाचे मळे होते, आणि १९५० नंतर उसाची जागा केळीने घेतली, हे वाचून आम्हाला वसईची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. कॅस्ट्रीज या तेथील राजधानीत २३ जानेवारी १९१५ रोजी आर्थर लुईस जन्मले. आईवडील दोघेही शिक्षक, अँटिग्वा बेटावरून येऊन स्थायिक झालेले. आर्थर सात वर्षांचे असताना आजारपणामुळे त्यांची शाळा बुडाली, तेव्हा वडिलांनी घरीच त्यांना असे शिकवले की शाळेत परतल्यावर त्यांना दोन इयत्ता वर बसवावे लागले. त्याच सुमारास वडील वारले. मागे विधवा आई आणि पाच ते सतरा वर्षे वयाचे पाच मुलगे उरले. आईने कष्ट करून पाचही मुलांना मार्गाला लावले. दादांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "थोरल्याचे वय सतराच का?"

कॅस्ट्रीजच्या सेंट मेरीज कॉलेज या कॅथलिक शाळेतील शिक्षण आर्थर यांनी चौदाव्या वर्षीच संपवले. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसण्याचे वय व्हायचे होते, म्हणून सरकारी कचेरीत त्यांनी कारकुनी पत्करली. लिहिणे, टंकलेखन, कागद नीट लावून ठेवणे हे आपण तिथे शिकलो, असे ते पुढे कृतज्ञतेने सांगत. १९३२ साली शिष्यवृत्ती मिळाली. मनातून इंजिनिअर व्हायचे होते. परंतु कृष्णवर्णीय इंजिनिअरला सरकारही नोकरी देणार नव्हते आणि गोऱ्यांच्या कंपन्याही देणार नव्हत्या. तेव्हा व्यापारशिक्षणाचा मार्ग धरून ते १९३३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. अर्थशास्त्र म्हणजे काय हे त्या वेळी आपल्याला ठाऊकही नव्हते, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली आहे. एका वर्णभेदामुळे इंजिनिअरिंगचे दार बंद झाले आणि जगाला एक अर्थशास्त्रज्ञ मिळाला. त्यामुळे तो अन्याय काही न्याय ठरत नाही, हे मात्र विसरता कामा नये.

१९३७ साली ते प्रथम वर्गात पदवीधर झाले आणि लगोलग तेथेच अध्यापन करू लागले. १९४८ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, मँचेस्टर विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. ब्रिटनमधील विद्यापीठात त्या पदावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. याच काळात आशिया-आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, त्यांचे विद्यार्थी इंग्लंडात येत होते, आणि 'आमचे देश गरीब का?' या त्यांच्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकांत उत्तर नव्हते. लुईस यांनी तो प्रश्न आपल्या आयुष्याचा विषय केला.

१९५१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने अविकसित देशांच्या आर्थिक विकासाचे उपाय सुचवण्यासाठी पाच तज्ज्ञांची समिती नेमून अहवाल प्रसिद्ध केला. त्या पाचांत लुईस होते, शुल्ट्झ होते, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे आपले धनंजयराव गाडगीळही होते. पुढे अठ्ठावीस वर्षांनी एकत्र गौरवले गेलेले दोघे विद्वान एका मराठी अर्थशास्त्रज्ञाबरोबर एकाच मेजाभोवती बसले होते, याचे आम्हाला आजही अप्रूप वाटते.

त्यानंतरच्या वर्षी, १९५२ च्या ऑगस्टमध्ये, लुईस बँकॉकच्या रस्त्याने चालले होते. कित्येक वर्षे त्यांना एक कोडे छळत होते. इंग्लंडात औद्योगिक क्रांती झाली, कारखानदारांचा नफा वाढत गेला, तरी कित्येक दशके कामगारांची मजुरी जवळजवळ जागच्या जागी कशी राहिली? चालता चालता त्यांना एकाएकी उत्तर सुचले. कारखान्याच्या दारात हवे तितके मजूर उभे असतील, तर मजुरी वाढवण्याची मालकाला गरजच काय? आणि हे मजूर येतात कुठून? शेतीतून, घरकामातून, फुटकळ धंद्यांतून, जिथे पोटापुरते मिळवण्याखेरीज गत्यंतर नाही. १९५४ साली हा विचार एका निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाला आणि विकासाच्या अर्थशास्त्राचा तो पाया ठरला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार-पाच टक्के बचत करणारा देश बारा ते पंधरा टक्के बचत कशी करू लागतो, हा त्या निबंधातील मध्यवर्ती प्रश्न होता. गिरण्या आणि गावे यांचे नाते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे फार समजावून सांगण्याची गरज नाही.

लुईस ग्रंथालयात बसून राहिले नाहीत. १९५३ साली गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, औद्योगिकीकरणाविषयी त्यांनी अहवाल लिहिला. कारखान्यांविषयीच्या त्या अहवालात त्यांनी पहिले स्थान दिले ते अन्नधान्याच्या शेतीला. आधी शेतकऱ्याच्या हाताला अधिक पिकू द्या, कारखाने त्यामागून येतील, असे त्यांचे म्हणणे होते. १९५७ साली घाना स्वतंत्र झाल्यावर ते पंतप्रधान एन्क्रुमा यांचे आर्थिक सल्लागार म्हणून गेले, परंतु डोळे दिपवणाऱ्या प्रकल्पांवरील खर्चाबद्दल मतभेद झाले आणि १९५८ अखेर त्यांनी ते पद सोडले. मायभूमीकडे परतून त्यांनी वेस्ट इंडीजच्या विद्यापीठाची धुरा वाहिली. तेथील बेटांचे संघराज्य १९६२ साली मोडले. उरलेल्या लहान बेटांना एकत्र ठेवण्याची त्यांनी शिकस्त केली, तीही निष्फळ ठरली. १९६३ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ते प्रिन्स्टन विद्यापीठात गेले. तिथे वीस वर्षे शिकवताना मध्येच, १९७० ते ७३ या काळात, ते कॅरिबियन विकास बँकेचे पहिले अध्यक्ष म्हणून बेटांची सेवा करून आले. शांततेच्या पारितोषिकाखेरीज अन्य विषयातील नोबेल मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. ज्यांचा सल्ला मानला गेला नाही, ज्यांचे संघराज्य टिकले नाही, अशा माणसाचे हे यश आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांच्याविषयीचा आदर दुणावतो.

आता त्या शून्याकडे वळू. लुईस यांच्या निबंधात ते शून्य आहे, हे खरे. पण ती भर शून्य आहे की नगण्य, हा आपल्या विवेचनाचा गाभा नव्हे, असे त्यांनी तिथेच लिहून ठेवले आहे. आम्ही फळ्यावर नेमके तेच मोठे करून काढले होते, कारण त्यावर हशा येतो.

या शून्यावर विद्वानांत जो मोठा वाद झाला, त्याचा पुरावा खुद्द आपल्या देशातून आणला गेला. शुल्ट्झ यांनी १९६४ साली लिहिले की शेतीत खरोखरच जास्तीची माणसे असतील, तर त्यांतली काही एकाएकी नाहीशी झाली तरी पीक घटता कामा नये. असे एकदा घडलेही होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात असंख्य माणसे दगावली. शुल्ट्झ यांनी दाखवले की त्यानंतर पेरणीखालची जमीन घटली. म्हणजे गेलेली माणसे शून्य नव्हती.

ती साथ म्हणजे आपली 'मानमोडी'. आमची आजी त्या वेळी दहा वर्षांची होती. तिचे वडील आणि दोन काका एका पंधरवड्यात गेले. "घंटा वाजवायची थांबवली होती, कारण ती थांबतच नसे," असे ती सांगायची. पानवेलींचा त्यांचा मळा दोन वर्षे पडीक राहिला. वेली चढवायला माणूस उरला नव्हता. शिकागोत बसलेल्या विद्वानाला जे आकड्यांतून शोधावे लागले, ते आमच्या ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या आजीला आधीच ठाऊक होते. आम्ही तिला कधी विचारले नव्हते इतकेच.

पण अमर्त्य सेन यांनी या वादात आणखी बारीक भेद दाखवला. त्यांनी १९६७ साली शुल्ट्झ यांच्या आकडेवारीला आव्हान दिले, परंतु आमचे डोळे उघडले ते त्यांच्या १९६६ सालच्या निबंधाने. माणूस आणि त्याचे श्रम यांत फरक केला पाहिजे, असे ते म्हणतात. कुटुंबातला एकजण निघून गेला आणि तरीही उत्पन्न घटले नाही, तर त्याचा अर्थ त्याचे काम निरुपयोगी होते असा नव्हे. मागे राहिलेल्यांनी अधिक तास राबून ते काम उचलले, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

हे वाचताच आम्हाला आमच्या घरातली पहाट आठवली. आम्ही मुंबईला कॉलेजात जाऊ लागल्यापासून केळीला पाणी देण्याची आमची पाळी कोणी केली होती? आधी आई, आणि दादांचे लग्न झाल्यावर वहिनी एक तास आधी उठू लागल्या. वाडीचे उत्पन्न खरेच घटले नव्हते. आमच्या हिशेबात जिथे शून्य दिसत होते, तिथे त्या दोघींचा रोजचा एक तास होता. तो कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही.

१५ जून १९९१ रोजी सर आर्थर लुईस बार्बाडोस येथे वारले. ती बातमी वाचली तेव्हा वसईत पाऊस नुकताच सुरू झाला होता. आम्ही सुट्टीच्या दिवशी घरी गेलो आणि बारा वर्षे राहिलेले उत्तर दादांना दिले. शून्य तुमचेही नव्हे आणि माझेही नव्हे. ते आई आणि वहिनींनी भरून काढले, असे सांगितले. दादा ओटीवर कोयत्याला धार लावत होते. ऐकून घेऊन ते म्हणाले, "हे तुला आज कळले? तिला केव्हाच ठाऊक आहे." आत वहिनींच्या भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मग आम्ही लुईस यांच्या मते खरा गाभा कोणता, तेही सांगितले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात एकरी १६०० पौंड गहू पिकत होता, आणि उष्ण कटिबंधात एकरी ७०० पौंड धान्य. युरोपातला शेतकरी परदेशी जायचा तो या मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडून. म्हणून त्याला मजुरीही मोठी द्यावी लागे. हिंदुस्थान-चीनमधला मजूर ७०० पौंडांच्या शेतातून उठून जायचा, त्यामुळे तो थोडक्यात मिळे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेली आपली कोकणी माणसे त्यांतलीच. उसाचे पीक कितीही वाढले, तरी ऊसतोड्या अनवाणीच राहिला. वाढीव उत्पादनाचा लाभ साखर खाणाऱ्यांना मिळाला. मजुराची किंमत त्याने काय पिकवले यावर ठरत नाही. तो जिथून आला तिथे त्याला काय मिळाले असते, यावर ती ठरते.

दादांनी कोयता खाली ठेवला. "मग," ते म्हणाले, "लावणीला डोंगरपट्टीतून वारली बाया येतात, त्यांना आपण रोज काय देतो, ते कोण ठरवते?"

"चालू दर," आम्ही सवयीने म्हणालो.

"म्हणजे त्यांच्या डोंगरात त्यांना काय मिळत नाही, ते बघून."

हे आम्हाला एवढ्या वर्षांत सुचले नव्हते. भावाला शून्य म्हटले म्हणून आम्ही बारा वर्षे अस्वस्थ होतो. पण आमच्याच चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या त्या बायांच्या बाबतीत आम्ही मळेवाल्याच्या जागी उभे होतो, आणि त्याबद्दल आमची एकही रात्र जागून गेली नव्हती. मजूर जिथून येतात तिथली शेती सुधारू नये यात मालकाचे हित गुंतलेले असते, हेही लुईस यांनी त्याच निबंधात लिहिले आहे. ते वाक्य आम्ही वर्गात वसाहतींच्या संदर्भात शिकवीत असू. ते वसईच्या वाडीपर्यंत येऊन पोचेल असे वाटले नव्हते.

त्या वर्षीच्या लावणीत दादांनी रोज किती वाढवला, हे आम्ही विचारले नाही. "तुमचे दादा दर बिघडवतात," अशी तक्रार मात्र शेजाऱ्यांकडून ऐकू आली. आम्ही अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची समजूत घालावी, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही ती घातली नाही.

आता दादा नाहीत. वसईत केळीच्या बागा थोड्या उरल्या आहेत, आणि ज्यांच्याकडे आहेत ते म्हणतात की जुन्या दरात मजूर मिळत नाहीत. लुईस असते तर म्हणाले असते की ही मजुराच्या दृष्टीने आनंदाची वार्ता आहे. जास्तीचे हात संपतात तेव्हाच मजुरी वर चढू लागते, आणि त्या वळणाला अर्थशास्त्रज्ञ आज त्यांचेच नाव देतात. स्वतः लुईस सेंट लुशियातच, त्यांचे नाव धारण करणाऱ्या महाविद्यालयाच्या आवारात, चिरविश्रांती घेत आहेत.

निवृत्त होईपर्यंत दरवर्षी आम्ही तो धडा शिकवला. आलेख तोच काढत असू. पण शून्याची खूण करण्याआधी आम्ही खडू खाली ठेवायचो आणि मुलांना विचारायचो, "तुम्ही इथे बसला आहात, घरचे तुमचे काम या वेळी कोण करते आहे?" वर्गात आधी शांतता पसरे. मग कुठून तरी एक उत्तर येई, बहुधा 'आई'. मग 'ताई', मग 'भाऊ'. ती उत्तरे आम्ही फळ्यावर लिहून घेत असू, आणि त्यानंतरच लुईस शिकवायला सुरुवात करीत असू.